अठरा टोप्या, नऊ झाकणं

रेल्वेची पेट्रोल वाहणारी टाकी रिकामी झाली की माझं काम सुरू होतं. भरलेल्या टाक्या येतात तेव्हा सगळे सावध असतात. कोणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. माल उतरला की माणसं सैल होतात, टाकीच्या सावलीत टेकतात, जेवणाचे डबे सोडतात. खरं तर भीती तेव्हा वाटायला हवी. तळाशी बादली-दोन बादल्या माल राहतोच आणि वरच्या सगळ्या पोकळीत त्याची वाफ भरलेली असते. भरलेल्या टाकीत हवेला शिरायला जागा नसते. रिकामीत हवा आणि वाफ एकत्र होतात, मग त्यांना एक ठिणगी पुरते.

म्हणून नियम साधा आहे. टाकी धुऊन, वाफ काढून, तसा दाखला मिळेपर्यंत ती भरलेलीच समजायची. धोक्याच्या पाट्या उतरवायच्या नाहीत. खालच्या तोट्यांना टोप्या आवळायच्या, वरचं झाकण आवळायचं. इंजिन आणि टाक्या यांच्यामध्ये एक साधा डबा ठेवायचा. धक्का देऊन मोकळी सोडायची नाही, माणसाच्या चालीने न्यायची. हे सगळं तपासून पाहिलं, असं छापलेल्या कागदावर सही झाली की मगच गाडी हलते. वणीकडच्या एका साईडिंगवर, म्हणजे मुख्य रुळापासून फुटून आमच्या पेट्रोल डेपोच्या आवारात आलेल्या एकेरी रुळावर, गेली सतरा वर्षं ती सही माझी असते.

कामाची आमची एक पद्धत पडून गेली होती. प्रत्येक टाकीला खाली दोन तोट्या, दोन बाजूंना. त्यांच्या टोप्या मी स्वतः हाताने ओढून बघायची. वरचं झाकण सहा नटांनी आवळलेलं असतं आणि तिथे जायला लोखंडी शिडी. मी साडीत असायची, आणि मे महिन्यात त्या शिडीला उघडा हात लावला तर कातडी चिकटेल अशी स्थिती. त्यामुळे वर मुकादम चढायचा. तो वरून ओरडायचा, "बंद!" आणि मी खाली कागदावर खूण करायची. कागदावर 'पाहिले' असं छापलेलं होतं, मी ऐकत होते. सतरा वर्षांत मला यात काही खटकलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या वर्षी जुना मुकादम निवृत्त झाला आणि त्याच्या जागी माझा चुलत दीर आला. मीच नाव सुचवलं होतं. केळापूरकडच्या आमच्या गावचा, कामाला वाघ, व्यसन नाही. मला वहिनी म्हणणारा माणूस. मी त्याला भाऊजी म्हणते. साईडिंगवरही तेच चालायचं, त्यावर मजूर हसायचे.

मेमधली ती दुपार. नऊ टाक्या रिकाम्या झाल्या होत्या. मी खालून अठरा टोप्या ओढून बघितल्या, अठराही घट्ट. वरून नऊ वेळा "बंद" ऐकलं. पाट्या मोजल्या, हातब्रेक बघितले, मधला डबा बघितला. सही केली आणि कागद रेल्वेच्या शंटिंग जमादाराच्या, म्हणजे डबे हलवणाऱ्या टोळीच्या प्रमुखाच्या, हातात दिला. त्याने घडी करून वरच्या खिशात ठेवला. इंजिन लागलं.

"चला मॅडम, आज टाइमात काम झालं," जमादार म्हणाला. "नाही तर तुमचं मोजणं संपत नाही अन् माझी ड्यूटी संपून जाते."

मी ऑफिसकडे वळले आणि चौथ्या टाकीपाशी मला वास आला.

माल उतरताना वास असतोच. पण टोप्या लागल्या की अर्ध्या तासात तो ओसरतो. सतरा वर्षं तेच बघते आहे. त्या दिवशी टोप्या लागून तास होत आला होता आणि वास कमी नव्हता, वाढला होता. मी परत फिरले. पहिल्यापासून सगळ्या टोप्या पुन्हा ओढल्या. अठरा. एकही ढिली नाही, एकीच्याही खाली ओल नाही. म्हणजे खालून काही निघत नव्हतं. खालून नाही तर वरून, तिसरी जागाच नाही.

भाऊजी बाभळीखाली बसून पाणी पीत होता.

"भाऊजी, झाकणं बंद आहेत ना?"

"हो ना वैनी. नऊच्या नऊ बंद."

"नट आवळले?"

"नट नाई आवळले." त्याने तोंड पुसलं. "काडी ठेवली ना मंधात."

"कसली काडी?"

"निंबाची. बारकी फांदी. कोठीले नाई का ठेवत आपन? रिकामी कोठी आवयून ठेवली का आतून कोंदते. पुढच्या खेपेले झाकन उघडता उघडत नाई, मंग पोट्टे घन मारत बसतात. म्हनून थोडी हवा खाऊ द्याची तिले."

कोठी मला माहीत आहे. आमच्याकडे तूर, ज्वारी पत्र्याच्या कोठीत राहते. कोठी रिकामी झाली की झाडून, पुसून, झाकणाखाली निंबाची काडी घालून ठेवतात, म्हणजे आत कुबट वास धरत नाही. माझ्या स्वतःच्या घरात मागच्या खोलीत त्या वेळी अशी एक कोठी होती आणि ती काडी मीच घातली होती. त्यामुळे मला त्याच्यावर रागावताही येईना. तो हयगय करत नव्हता. आपल्या घरच्या वस्तूची घेतो तशी काळजी त्याने टाक्यांची घेतली होती.

"म्हणजे नऊही टाक्या उघड्या आहेत," मी म्हटलं.

"उघड्या कायले, झाकन हाये ना वरतं."

मी काही बोलायच्या आत मला दुसरा वास आला. जळक्या पऱ्हाटीचा.

आमच्या तारेच्या कुंपणापलीकडे एक वावर आहे. कापूस निघून गेला की वाळलेल्या पऱ्हाट्या उपटतात, ढीग घालतात आणि पेरणीच्या आधी पेटवून देतात. दर वर्षीचंच काम. वावराचा मालक म्हातारा एकेक ढीग पेटवत येत होता. मी ढीग मोजले: सात. तीन पेटलेले. सगळ्यात जवळचा, न पेटलेला, कुंपणापासून पंधरा पावलांवर. टाक्यांचा रूळ भरावावर आणि वावर खाली, उताराला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, पाण्यासारखी उताराकडे जाते. वारा मात्र वावराकडून आमच्याकडे येत होता, म्हणजे तिकडच्या ठिणग्या इकडे येणार होत्या.

मी जमादाराकडे गेले. "कागद परत द्या."

"काय झालं?"

"झाकणं उघडी आहेत. सही चुकली माझी. इंजिन गाडीपासून तोडा आणि एकटं बाहेर न्या, त्याचीही ठिणगी नको."

त्याने वावराकडे बघितलं, टाक्यांकडे बघितलं. घाबरला, पण त्याचं डोकं वेगळीकडे धावलं. "मॅडम, तोडण्यात टाइम कायले घालवता? मी पाच मिनिटांत सगळी गाडीच ओढून बाहेर काढतो. इथून निघाल्या की झालं."

"बाहेरचा रूळ कुठून जातो?"

त्याची नजर पुन्हा वावराकडे गेली. बाहेरचा रूळ त्याच वावराच्या कडेने जातो, पेटलेल्या ढिगांपासून वीस पावलांवरून. चालीच्या वेगाने नऊ उघड्या टाक्या एकामागून एक त्या विस्तवासमोरून न्यायच्या, असा त्याचा अर्थ होता.

"द्या कागद," मी म्हटलं.

त्याने खिशातून काढून दिला. मी त्याच्यासमोर आडवी रेघ मारली आणि खाली 'रद्द' लिहिलं. इंजिन सुटलं आणि मधला डबा घेऊन एकटंच निघून गेलं. तो आवाज थांबल्यावर ढिगांचा तडतड आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला.

मोबाइल आम्ही गेटवरच्या पेटीत ठेवतो, तोही नियमच. गेटवर पळायला सांगून मी एकाला अग्निशामक दलाला फोन करायला पाठवलं. तिघा मजुरांना फावडी घेऊन तारेखालून वावरात सोडलं. म्हातारा त्यांच्यावर धावून आला.

"काहून बे? माह्या वावरात म्या इस्तो लावला, तुमचं काय जयून राह्यलं?"

"बाबाजी, टाक्या उघड्या हायेत पेट्रोलच्या!" एक मजूर ओरडला.

म्हाताऱ्याने वर बघितलं. मग हातातला पलिता पायाखाली रगडला आणि मजुरांच्या आधी स्वतःच फावडं हिसकून ढिगावर माती ओढायला लागला. शिव्याही देत होता, पण माती थांबवली नाही.

बाकीच्यांना मी वाऱ्याच्या आडव्या अंगाला, दूर जायला सांगितलं. नियम तसाच आहे: आधी आग, आधी माणसं, मग टाकी. मागे वळले तर भाऊजी पितळी पाना कमरेला खोचून पहिल्या टाकीच्या शिडीवर चढत होता. पितळी अशासाठी, की लोखंडावर लोखंड घासलं तर ठिणगी पडते.

"भाऊजी, खाली या! आग विझू द्या आधी."

"माह्या हातानं उघडं ठेवलं, मीच लावतो."

"मी सांगते आहे, खाली या. इथे मी वहिनी नाही."

"तुमी मोजा, वैनी. बोलनं मंग."

मी वर बघत उभी राहिले. त्याला ओढून खाली आणता येत नव्हतं. निघून जाता येत होतं, नियमाप्रमाणे जायलाच हवं होतं. मी गेले नाही. ते बरोबर होतं असं मी आजही म्हणत नाही. एवढंच, की त्याचं नाव मी सुचवलं होतं, आणि तो वरून सांगेल ते खाली मोजायला दुसरं कोणी नव्हतं.

"'बंद' म्हणायचं नाही," मी ओरडले. "नट मोजायचे. एकेक."

त्याने काडी काढून खाली फेकली. "एक. दोन. तीन." पाना फिरायचा आवाज. "चार. पाच. सहा."

मी कागदाच्या मागच्या बाजूला सहा लिहिलं. तो उतरला, दुसऱ्या टाकीवर चढला. एका टाकीला दोन मिनिटांच्या थोडं वर लागत होतं, मी हातातल्या घड्याळावर बघत होते. नऊ टाक्यांना वीस मिनिटं. तिकडे एक ढीग मातीखाली गेला होता, दुसरा धुमसत होता, तिसरा भडकलेला.

चौथ्या टाकीवर तो बराच वेळ बोलेना.

"भाऊजी?"

"पाचवा गोल फिरून राह्यला. आटे गेलेत त्याचे."

"मग?"

"थांबा ना. घाई नका करू, मले समजत नाई घाईत."

शेवटी त्याने "पाच" म्हटलं, "सहा" म्हटलं. चोवीस. पाचवीपर्यंत तीस, सहावीपर्यंत छत्तीस. मला माझ्या तोंडात वाफेची चव लागत होती. सातवीवर त्याने "दोन" म्हटलं तेव्हा वावरात वावटळ उठली.

मे महिन्यात आमच्याकडे दुपारी अशा वावटळी उठतातच. धूळ, पाला, पिशव्या घेऊन गोल फिरत जातात. ही तिसऱ्या ढिगावरून गेली. पेटलेल्या काड्या उचलल्या गेल्या, माणसाच्या दुप्पट उंच. म्हातारा "अवो, सरका!" असं ओरडला. वावटळ कुंपणापर्यंत आली, तारेला अडल्यासारखी हलली आणि तिथेच बसली. तिच्यातली एक काडी मात्र आत आली. वीतभर लांब, एका टोकाला लाल. सहाव्या आणि सातव्या टाकीच्या मध्ये, रुळाशेजारच्या गिट्टीवर पडली.

मी तिच्यापासून आठ-दहा पावलांवर होते. वाळूची लाल बादली खांबाला लटकलेली असते, ती दोन्ही हातांनी काढली आणि सगळी वाळू त्या काडीवर ओतली. मग बादली उलटी करून वरून दाबून धरली. किती वेळ, ते सांगता येत नाही. आयुष्यात वेळ मोजायचा राहून गेला असे प्रसंग थोडे आहेत, त्यातला हा एक.

वरून आवाज आला, "वैनी, कितीवर होतो मी?"

"सातवीचे दोन झाले."

"तीन," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "चार."

चोपन्नावा नट आवळून तो उतरला तेव्हा वावरात नुसता धूर होता. म्हाताऱ्याने आपला प्यायच्या पाण्याचा ड्रमसुद्धा ओतला होता. अग्निशामकाची गाडी त्यानंतर आली. त्यांनी ढीग भिजवले आणि म्हाताऱ्याला दम दिला. तो म्हणाला, "मले कायले बोलता? कोठ्या त्याईनं उघड्या ठेवल्या."

तास-दीड तासाने, वास पूर्ण गेल्यावर, मी शिडी चढले. सुती साडीचा पदर हाताला गुंडाळला, तरी पंजे भाजले. नऊही टाक्या चढले. चौथीचा आटे गेलेला पाचवा नट झाकणाशेजारी पडलेला होता. भाऊजीने तो काढून त्याच्या जागी आपल्या खिशातला जुना नट बसवला होता. चोपन्न भरले. मग नवा कागद केला, नवी सही केली. मधला डबा लावून इंजिन आलं. ऊन उतरताना गाडी माणसाच्या चालीने त्या काळ्या झालेल्या वावराच्या कडेने निघून गेली. जमादार डब्याच्या पायरीवरून मागे बघत होता.

भाऊजी पाण्याच्या टाकीखालच्या नळावर हात धूत होता. मी त्याला विचारलं, "आजच ठेवली होती काडी, की नेहमी?"

तो खोटं बोलू शकला असता. मला कळलं नसतं, कोणालाच कळलं नसतं.

"होळीपासून करून राह्यलो," तो म्हणाला. "जवापासून ऊन लागलं तवापासून."

लगेच ऑफिसात जाऊन, कपाटातून रजिस्टर काढून मी बघितलं. होळीपासून त्या दिवसाच्या आधीपर्यंत अकरा खेपा. टाक्या त्र्याण्णव. त्र्याण्णव उघड्या टाक्या माझ्या सहीने फाटकांवरून, स्टेशनांवरून, बिडी ओढत उभ्या असलेल्या माणसांजवळून गेल्या होत्या. काही झालं नव्हतं.

अहवालात मी पहिल्या ओळीत लिहिलं की झाकणं न पाहता मी सही केली. दुसऱ्या ओळीत मुकादमाची पद्धत लिहिली. तिसऱ्या ओळीत त्र्याण्णव हा आकडा लिहिला. तो कोणी मागितला नव्हता. पण त्या टाक्या जिथे पोचल्या तिथे पुढे काय काय उघडं राहिलं असेल, ते तपासायचं तर आकडा आणि तारखा लागणारच होत्या.

मला लेखी ताकीद मिळाली. भाऊजीचं काम गेलं. एका दिवसाची चूक असती तर समजावून ठेवला असता, साहेब म्हणाले, पण त्र्याण्णव म्हटल्यावर आमचा नाइलाज आहे.

घरी नवऱ्याने दोन दिवस एकट्याने जेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "तुझं नाव आधी लिहिलंस, ते ठीक. पण तुझं नाव लिहून तुझी नोकरी गेली नाही."

"नाही गेली."

"त्यानं तुले खरं सांगतलं म्हणून त्याची गेली." एरवी तो माझ्याशी असं गावाकडचं बोलत नाही.

तो म्हणतो ते बरोबर आहे. मी आकडा लिहिला तेही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असून माझं मन त्यांची बेरीज घेत नाही.

पोळ्याला गावी गेलो. भाऊजी ओट्यावर बसून बैलाच्या शिंगांना रंग देत होता. आता तो पूर्णवेळ आपलं वावर बघतो, हंगामात कापसाच्या जिनिंगवर जातो. मी शेजारी टेकले. त्याने दुसरं शिंग रंगवायला घेतलं.

"आता वरतं कोन चढते?" त्याने विचारलं.

"मीच. सही ज्याची, तोच चढेल, असा नियम केला."

"साडीत?"

"सलवार घालते त्या दिवशी."

तो हसला. "सासू पाह्यते का तुमाले सलवारीत? दोन दिवस जेवन नाई जाईन तिले." मग ब्रश पाण्यात बुडवून म्हणाला, "जुन्या टाक्यांची सगळ्यात वरची पायरी धरू नका, वैनी. ढिली रायते. बाजूचा दांडा धरत जा. मी एकदा पडता पडता राह्यलो."

"कधी?"

"सांगतलं नाई कोनाले. नवीन होतो."

पुढच्या खेपेला आठ टाक्या होत्या. मी प्रत्येक शिडीची वरची पायरी खालच्या पायरीवर उभी राहून हलवून बघितली. दोन ढिल्या निघाल्या. दोन्ही टाक्यांचे नंबर दुरुस्तीसाठी लिहून दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पूर्वीच्या मुकादमांनी लक्षात आणून दिले.